मिस्तरीची गरनाळ

सुकलाल मिस्तरी आमच्या शेजारच्या घरात राहायला आले, ते साऱ्या गल्लीला एकदम कळलं. सामान एका बैलगाडीचं होतं, पण प्रत्येक वस्तू खाली येताना ते तिचं नाव पुकारत होते. "हंडा उना! पाटा उना! ती पेटी हळू रे भो, तिन्हामा कंदीलना काचा शेत!" मी घरात मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. कुणाचं तरी भांडण जुंपलं असं वाटून बाहेर आलो, तर ओट्यावर एक उंचापुरा, सावळा, भरघोस मिशांचा माणूस हसत उभा.

"राम राम मास्तर! आते आपण शेजारी!"

हे त्यांनी माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून म्हटलं, आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

मी नाशिककडून बदली होऊन नंदुरबारला आलेला शाळामास्तर. त्यांच्या अहिराणीला माझा कान अजून सरावला नव्हता. पण मिस्तरींचं बोलणं समजलं नाही असं कधी झालं नाही. ते गावातल्या कापसाच्या एका जीनमध्ये इंजिनावर होते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या रांगेनं येऊ लागत, इंजिन धडधडू लागे, आणि मग शिमग्यापर्यंत त्या धडधडीत मिस्तरींचा दिवस जाई. पट्टे फिरत, यंत्रं सरकी आणि रुई वेगळी करत, आणि तिथं माणसाशी बोलायचं म्हणजे त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागे. मिस्तरी पोरवयापासून तेच करत आले होते. घरी आल्यावर ती सवय काही सुटत नसे. त्यांच्याकडे आज कसली भाजी आहे, हे आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना ठाऊक असायचं.

माणूस मनाचा फार मोठा. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची गाय विहिरीत पडली, की सगळ्यात आधी मिस्तरी. माझ्या बायकोला हिवतापानं घेरलं तेव्हा गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमची चूल आठ-दहा दिवस सांभाळली, आणि मिस्तरी रोज सकाळी खिडकीशी येऊन "बाई, आज कशा शेतस?" असं विचारत. आजारी माणूस दचकून उठून बसे. पण विचारण्यात माया असायची.

रिकामं भांडं दिसलं की त्यांची बोटं त्यावर वाजायचीच. देवळात गेले की घंटा दोनदा-तीनदा वाजवून भागत नसे. पुजारी कानावर हात ठेवून गाभाऱ्यात जाऊन बसे. विहिरीत डोकावले की हाक मारणार. ओढ्याकाठी गेले की दगडावर दगड आपटणार. आणि गावाबाहेर, मोकळ्या रानात गेले, म्हणजे तर त्यांना चेवच चढे. मी एकदा विचारलं, "मिस्तरी, रानात तरी जरा शांत बसावं की."

ते म्हणाले, "नही मास्तर. आपण उनात हे रानले कळाले जोयजे."

आपण आलो हे रानाला कळलं पाहिजे, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे कितीदा ऐकलं याची गणती नाही. प्रत्येक वेळी ते हसून म्हणत. आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना त्यांचे डोळे मात्र हसत नसत, हे माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

रानाला कळावं म्हणून त्यांनी एक गरनाळ केली होती. जीनच्या कारखान्यातला जाड लोखंडी नळीचा तुकडा घ्यायचा, एक तोंड बंद करायचं, बुडाशी वातीपुरतं भोक पाडायचं. नळीत दारू ठासायची, जमिनीत पुरून वात पेटवायची. आवाज असा व्हायचा की पोटातली आतडी हलावीत. लग्नकार्यात लोक मुद्दाम त्यांना बोलावत. पण लग्नापेक्षा त्यांना ती डोंगरात उडवायला आवडे. कारण डोंगर तो आवाज परत देतो. एकदा उडवली की दोनदा, तीनदा ऐकू येते.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही पाच-सहा जण तापीकाठी गेलो. काठावर गुजर लोकांची गावं, केळीच्या बागा, ऊस. नदीत पाणी कमी झालं होतं आणि वाळूच्या पट्ट्यावर करकोचे उतरले होते. इतके, की दुरून वाळू करड्या रंगाची वाटत होती. आम्ही गप्प उभे राहून पाहत होतो. मिस्तरींनी पिशवीतून गरनाळ काढली तेव्हा कुणी तरी "राहू द्या" म्हणालं असेल. नक्की आठवत नाही. आवाज झाला. सगळे पक्षी एका वेळी उठले, आभाळ झाकल्यासारखं झालं. मिस्तरी दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे नाचले.

मागे रस्त्यावर बैल बिथरले होते. उसानं भरलेली गाडी घेऊन ते सरळ चारीत गेले. गाडी कलंडली. आम्ही धावत गेलो, तर एक गुजर म्हातारा एका बाईला उठवून बसवत होता. ती मातीनं माखली होती आणि दोन्ही हात पोटावर धरून बसली होती.

म्हातारा ओरडला नाही. मिस्तरींकडे पाहून एवढंच म्हणाला, "सून शे मन्ही. सातवा महिना चालू शे."

मिस्तरींचा चेहरा राखेसारखा झाला. ते चारीत उतरले, खांदा लावून त्यांनी एकट्यानं चाक उचललं. त्यांच्या मानेच्या शिरा मी पाहिल्या. ऊस पुन्हा भरला. बाईला गाडीत बसवून तिच्या घरापर्यंत ते जोखडाला हात लावून बैलांबरोबर चालत गेले. तिला काही झालं नाही, हे कळेपर्यंत त्यांनी पाणी घेतलं नाही. नंतर दोन वेळा पायी जाऊन चौकशी करून आले.

पण त्याच दिवशी परतताना, आमची गाडी संध्याकाळच्या सुनसान रस्त्याला लागली, कुणीच बोलेना, तेव्हा मिस्तरी चुळबुळ करू लागले. थोड्या वेळानं त्यांनी जेवणाचा डबा मांडीवर घेतला आणि चमच्यानं वाजवायला लागले. आमच्यातला एक जण संतापून म्हणाला, "मिस्तरी, अजून पोट नाही भरलं?" ते ओशाळले, थांबले, आणि पुन्हा बोटांनी, हळूहळू, वाजवू लागले.

त्याचं कारण मला शिमग्यानंतर समजलं. हंगाम संपून जीन बंद झालं होतं. दुपारी मी शाळेतून आलो, तर मिस्तरी ओट्यावर बसलेले. दोन्ही तळहात कानांवर गच्च. डोळे लाल. गोदाबाई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "इंजिन बंद व्हयनं का असंच ऱ्हास, भाऊ. त्यासले चूप बसता येत नही."

मी शेजारी बसलो. मिस्तरींनी हात काढले आणि विचारलं, "मास्तर, तुमले आयकू येस का?"

"काय?"

"भुंगा. कानमा शे. इंजिन चालू ऱ्हास तवलोंग दबी जास. बंद व्हयनं का सुरू." त्यांनी कानाजवळ बोट गोल गोल फिरवलं. "दिन मोठा व्हत जास तसा तोबी मोठा व्हस. कधीमधी असं वाटस का तो मन्हा डोकामा घर करी ऱ्हायना."

मी डॉक्टरचं नाव काढलं. ते हसले, आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर ठणकन आपटला. तो आवाज विरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुख दिसलं.

त्यानंतर महिन्याच्या आतच आम्ही नवापूरला गेलो. सुरतेकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं निघालो. मिस्तरी, गोदाबाई, जीनमधले दोघे आणि मी. नवापूरपासून पुढे गुजरातच्या हद्दीकडे डोंगर लागतात. तिथं मिस्तरींच्या ओळखीचा गोमा नावाचा एक शेतकरी होता. हंगामात तो जीनमध्ये मजुरीला यायचा. त्याच्या वस्तीच्या खाली ओढा, ओढ्यापलीकडे एक उंच काळा कडा. जेवण ओढ्याकाठी करायचं ठरलं होतं.

चैत्र लागला होता. मोहाची फुलं पडत होती आणि सगळ्या रानाला त्यांचा गोड, आंबूस वास होता. कड्याच्या पायथ्याशी मोहाची झाडं, आणि झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. इतक्या जणी असून बोलण्याचा आवाज नव्हता. गोमा आम्हाला घ्यायला खाली आला. मिस्तरींच्या पिशवीतून डोकावणारी नळी त्यानं पाहिली आणि तो थांबला.

"आज हाई नको, मिस्तरी," तो म्हणाला. "वर दख."

आम्ही वर पाहिलं. कड्याच्या बाहेर आलेल्या छातीखाली मोहोळं लटकत होती. आग्या मोहोळं. सुपाएवढी, काही त्याहून मोठी. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कातळावर कुणी काळी घोंगडी वाळत घातली आहेत. खालून मोठा आवाज आला की सावध झालेल्या माश्यांची लाट त्यांच्यावरून सरसरत जाते.

"खाले बाया शेतस," गोमा म्हणाला. "मन्ही याहा बी शे." याहा म्हणजे आई. त्यानं बोट दाखवलं. सगळ्यात शेवटच्या झाडाखाली एक अगदी वाकलेली म्हातारी बसल्या बसल्या फुलं वेचत होती, आणि तिच्या जवळ एक रांगतं मूल होतं.

मिस्तरींनी लगेच कानाला हात लावला. "नही रे भो, नही. मन्ही शपथ." पिशवी त्यांनी गोदाबाईंकडे दिली. गोदाबाईंनी ती पाठीमागे ठेवली.

जेवण झालं. भाकरी, वांग्याचं भरीत, आणि गोमाच्या घरून आलेलं ताक. जेवल्यावर सगळे सावलीत आडवे झाले. दुपार चढली. वारा पडला. पानसुद्धा हलेना. मी आजवर अशी शांतता पाहिली नव्हती. ती अंगावर येऊन बसल्यासारखी वाटत होती. माझा डोळा लागला. झोपेच्या आधी मला शेवटचं दिसलं ते मिस्तरींचं बोट. ते स्वतःच्या गुडघ्यावर वाजवत होतं.

आवाजानं मी उठलो तेव्हा कडा तो आवाज परत देत होता. एकदा. दोनदा. ओढ्याच्या वाळूत निळा धूर होता आणि त्याच्या मागे मिस्तरी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं. गोदाबाई किंचाळल्या. पलीकडे बायका टोपल्या टाकून पळत होत्या. आणि मग तो दुसरा आवाज आला. आधी लांबून, मग सगळीकडून. जाड, खोल, दातांत जाणवणारा.

गोमा ओरडला, "घोंगडी घ्या! आडवा व्हा!" आम्ही मिळेल ते पांघरून जमिनीला चिकटलो. मी फटीतून पाहिलं. मिस्तरी तसेच उभे होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मिस्तरी, पळा! माश्या!" त्यांनी माझ्याकडे वळून हात हलवला, जसं काही विचारत होते, काय म्हणता? मग पहिली माशी त्यांच्या डोळ्यावर बसली.

गोमानं धावत जाऊन त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि त्यांना खाली पाडलं. त्या वेळी त्याच्या आईकडे कोण गेलं होतं? कुणीच नाही. ती पळू शकत नव्हती. माश्या शांत झाल्यावर लोक तिथं गेले, तेव्हा ती पालथी होती. तिच्या लुगड्याच्या पदराखालून नातीचं रडणं येत होतं. मुलीला तीन-चार माश्या चावल्या होत्या, तेवढंच. म्हातारी गेली होती.

तिला गोमाच्या अंगणात आणलं. वस्तीतले सगळे आले आणि बसले. रडणं असेल तर ते आतल्या आत होतं. आम्ही एका बाजूला, सुजलेले, खाली माना घातलेले. मिस्तरींचा चेहरा चेहरा राहिला नव्हता. दोन्ही डोळे मिटले होते. त्यांना झोपडीच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि काय घडलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मास्तर!" ते एकदम ओरडले. "कोठे शेतस? गोदा! काय व्हयनं? अरे, कोणीच काब बोलत नही?"

सगळ्या अंगणानं त्यांच्याकडे पाहिलं.

"गोमा! बाया बचन्यात ना रे? बोल ना! कोणीतरी बोला!"

गोमा उठला. मला वाटलं, तो आता मारणार. तो मिस्तरींसमोर बसला, आपला तळहात त्यानं त्यांच्या तोंडावर ठेवला. मग त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, चार पावलं चालवत नेलं, खाली बसवलं, आणि तो हात आईच्या पावलावर ठेवला.

मिस्तरींची बोटं त्या पावलावरून फिरली. टाच, भेगा, बोटातलं जोडवं. मग थांबली.

त्यानंतर त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नाही. म्हणजे तो आवाज. आम्हाला कुणी शिवी दिली नाही, फौजदाराकडे कुणी गेलं नाही. फक्त परत जाताना वाट दाखवायला कुणी आलं नाही. मिस्तरींना आम्ही आळीपाळीनं धरून नवापूर स्टेशनावर आणलं.

त्यांचे डोळे उघडायला बरेच दिवस लागले. एके दिवशी मी बघायला गेलो तेव्हा ते खाटेवर पडून होते. मी जवळ बसलो. ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"त्या दिन माले वाटनं, मन्हाच भुंगा शे," ते म्हणाले.

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

पुढच्या हंगामात ते जीनमध्ये गेले, पण इंजिनापाशी उभे राहत नसत. कान झपाट्यानं गेले. दोन पावसाळे उलटेपर्यंत ते ठार बहिरे झाले होते. आतला भुंगा गेला का राहिला, हे मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी ते वाटीसुद्धा आवाज न करता ठेवत. बहिऱ्या माणसाला ते कसं जमे, देव जाणे. गोदाबाई म्हणायच्या, "भाऊ, पहिलं घर बरं व्हतं. आते माले घरमा भेव वाटस."

मग एका चैत्रात ते डोंगरात गेले आणि पाऊस तोंडावर आल्यावर परतले. पुढच्या वर्षी पुन्हा. त्यानंतर आलेच नाहीत. गोदाबाई दोंडाईच्याला भावाकडे गेल्या. शेजारच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं.

गोमा मला एकदा नवापूरच्या बाजारात भेटला. मी मिस्तरींचं विचारलं. त्यानं मिठाची पुडी बांधली. मग म्हणाला, "येस. कडाखाले बसस. आम्ही त्याले बलावं नही. जाय बी सांगं नही."

"तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"त्याले आयकू येत नही," गोमा म्हणाला आणि चालू लागला.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते काही वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्न गुजरातच्या हद्दीवरच्या गावात होतं. वरात नवापूरहून गाड्यांनी निघाली होती आणि बरोबर शहरातला बँड होता; पाच-सहा माणसं, मळके लाल कोट, पितळी वाद्यं. ते पुढे चालत होते आणि रानात ऐकायला कुणी नसतानाही वाजवत होते. तरुण मंडळी त्यांना आणखी जोरात वाजवायला सांगत होती. मी मागच्या गाडीत होतो. ओढा ओलांडला, मोहाचा वास आला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण कुठे आहोत. मी गाडीतून उतरून पुढे पळालो.

रस्त्याच्या मधोमध एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. पांढरी दाढी छातीपर्यंत, अंगावर फाटकी घोंगडी. त्याची नजर कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती. ती ट्रंपेटवाल्याच्या गालांवर होती. गाल फुगलेले होते, म्हणजे आवाज चालू होता. त्याला कळायची तेवढीच एक खूण होती.

"बाजूला हो रे!" कुणीतरी ओरडलं. ट्रंपेटवाला हसला आणि त्यानं मुद्दाम मिस्तरींच्या तोंडाजवळ वाद्य नेऊन जोरात फुंकलं. मिस्तरींनी पुढे होऊन आपला तळहात त्या पितळी तोंडावर दाबून धरला.

मग मारलं त्यांना. दोघा-तिघांनी, काठीनं आणि लाथांनी. मी "अरे थांबा, थांबा" म्हणत मध्ये घुसलो, पण त्याआधीच ते खाली पडले होते. काठी तोंडावर बसली तेव्हा मी पाहिलं, त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च आवळून धरलं होतं. ते अंग वाचवत नव्हते. त्यांच्या तोंडून हुंकारसुद्धा बाहेर पडला नाही. मारणाऱ्यांनाच त्याची भीती वाटली असावी. ते मागे सरले. बँडवाल्यांनी वाद्यं काखेत घेतली, आणि वरात मिस्तरींना वळसा घालून, नुसत्या चाकांच्या करकरीवर, पुढे गेली.

मी वाकून त्यांना उठवू लागलो. माझं नाव सांगितलं, मग आठवलं की ऐकू जात नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळखलं का, सांगता येत नाही. मला पुढे ढकलून त्यांनी जायची खूण केली. लवकर जा, अशी.

वळणावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. ते रस्त्यात तसेच बसले होते, ओठांतून रक्त गळत होतं, आणि मान मागे टाकून ते कड्याकडे पाहत होते. मीही वर पाहिलं. सगळ्यात मोठ्या मोहोळावरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, माश्यांची एक काळी लाट सरसरत गेली. थांबली. आणि पुन्हा निघाली.